न दुखणारी गाठ

पांढुर्णा-सौंसर परिसरात सामान्य चिकित्सा करणाऱ्या आपणा सर्वांना त्वचेवरील गाठी नित्याच्याच. मेदाची गाठ, केसतूड, गळू; आणि पोळ्यानंतर गोटमार झाली की जखमा, टाके, सुजलेली कपाळे. अशाच दिवसांत सत्तरीचे एक संत्रा बागायतदार माझ्याकडे आले. गालावर वाटाण्याएवढी, टणक, चकचकीत, जांभळट-लाल गाठ.

"दगड लागला असंल जी डॉक्टरसाहेब, पण दुखत नाही."

मीही मान डोलावली व प्रतिजैविके लिहून दिली. दिवाळीपूर्वी ते परतले तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. नागपुरात तुकडा तपासला गेला. निदान : मर्केल पेशींचा कर्करोग.

ज्या पेशींचे नाव या रोगास मिळाले त्यांचे वर्णन फ्रिडरिख मर्केल यांनी १८७५ साली केले. अर्बुदाची नोंद टोकर यांनी १९७२ मध्ये केली, आणि २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांना त्यात एक पॉलिओमा विषाणू सापडला. डॉ. खानोलकरांनी वर्णिलेला कमरेवरचा 'धोतर कर्करोग' आपण विद्यार्थिदशेत वाचला. तो वर्षानुवर्षांच्या घर्षणातून उद्भवणारा. हा मात्र आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो.

इंग्रजी स्वरांची ए-ई-आय-ओ-यू ही खूणगाठ उपयुक्त आहे : वेदना नसणे, तीन महिन्यांत झपाट्याने वाढ, प्रतिकारशक्ती क्षीण असणे, वय पन्नाशीपुढे, आणि उन्हाने भाजणारी किंवा गोरी त्वचा. ज्या १९५ रुग्णांच्या अभ्यासातून ती निघाली, त्यांपैकी ८९ टक्क्यांत तीन वा अधिक खुणा होत्या. माझ्या रुग्णात चार होत्या, आणि मी एकही मोजली नव्हती. त्या अभ्यासातही निम्म्याहून अधिक गाठी आधी निरुपद्रवीच समजल्या गेल्या होत्या, हे माझे समाधान नव्हे.

सूक्ष्मदर्शकाखाली या लहान, गोल, निळ्या पेशी फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगासारख्या दिसतात. सीके-२० चा केंद्रकालगत ठिपका आणि टीटीएफ-१ नकारात्मक, यावरून फरक कळतो. म्हणून नमुन्यासोबतच्या चिठ्ठीत केवळ 'गालावरील गाठ' न लिहिता वाढीचा वेग अवश्य लिहावा.

विस्तृत शस्त्रक्रिया, पहारेकरी लसिकाग्रंथीची तपासणी व किरणोपचार पार पडले. प्रसार झालेल्यांसाठी २०१७ पासून ॲव्हेल्युमॅबसारखी प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे आली आहेत. त्यांचा खर्च आपल्याकडच्या शेतकऱ्यास झेपणारा नाही.

ते आता दर तीन महिन्यांनी येतात. मी आधी मानेच्या ग्रंथी चाचपतो, मग आंबिया बहराची चौकशी करतो.