स्मशानाच्या वहीवरून खानेसुमारी

चलथाणच्या बाजारात पाव किलो सुके बोंबील घेतले आणि तिथेच टोपलीपुढे उकिडवं बसून मोजायला लागलो. मावशी हसली. "बोंबील कुणी मोजतं का भाऊ? तोलून घेतात!" तरी मोजले. एकवीस भरले. काहींचे जबडे अजून उघडेच होते, कारण वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. चार मात्र बोटभर लांबीचे, बाकीच्यांच्या गर्दीत चुकून आल्यासारखे.

सुरत-भुसावळच्या गाडीने पोटामागे आलेल्या खान्देशी माणसांच्या या गावात बाजरीची भाकरी आणि भाजलेला बोंबील ही जोडीही तशीच पक्की. समुद्र इथून फार लांब नाही, पण दिसत नाही. दिसतो तो ऊस. आणि उसाचा हिशेब सोपा असतो. कुणाच्या किती बिघ्यांत, कधीची लावण, कोणती जात, सगळं साखर कारखान्याच्या नोंदीत असतं. तोड सुरू व्हायच्या आधीच यंदा गाळप किती होईल याचा अंदाज बांधता येतो. ऊस एका जागी उभा राहतो, ही त्याची मोठीच मेहेरबानी.

बोंबील उभा राहत नाही. मग समुद्रात बोंबील किती, हे कुणाला विचारायचं?

आधी पकडलेले तरी किती ते पाहू. माझ्या पाव किलोत एकवीस, म्हणजे एक सुका बोंबील सुमारे १२ ग्रॅमचा. ताजा बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. वाळताना वजन सहा-सात पटींनी उतरतं. तेव्हा ताजा असताना तो ७५ ग्रॅमचा धरू. देशभरात वर्षाकाठी बोंबील निघतो तो लाख टनाच्या आगेमागे, आणि त्यातला मोठा वाटा गुजरात-महाराष्ट्राचा. लाख टन भागिले ७५ ग्रॅम, म्हणजे १३३ कोटी बोंबील. देशात माणशी एक म्हटलं तरी चालेल. सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता मोजले तर ४२ वर्षं लागतील. एकेक वीतभर धरून टोकाला टोक लावले तर २ लाख ६६ हजार किलोमीटरची रांग होईल. चलथाणवरून जाणारा उधना-जळगाव लोहमार्ग ३०७ किलोमीटरचा आहे. ती रांग त्याच्यावर साडेआठशेहून जास्त वेळा अंथरावी लागेल.

हे झाले मेलेले. प्रश्न जिवंतांचा आहे, आणि गंमत अशी की त्यांचा पत्ता मेलेल्यांकडूनच काढावा लागतो. एखाद्या गावात पाऊल न टाकता, फक्त स्मशानातली वही चाळून गावाची खानेसुमारी करावी, तसा हा उद्योग आहे. कोण कितव्या वर्षी गेलं, तरणे किती, म्हातारे किती, यावरून वेशीच्या आत कोण कोण राहतं ते ताडायचं.

ही वही लिहिते १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था. देशाच्या किनाऱ्यावर मासे उतरवण्याची बाराशेहून अधिक ठिकाणं आहेत. सगळीकडे रोज माणूस बसवणं अशक्य. म्हणून महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडतात आणि कोणत्या दिवशी कोणत्या बंदरावर जायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात. बंदरावर पंधरा किंवा त्याहून कमी होड्या लागल्या तर प्रत्येक होडीचा माल पाहायचा, जास्त असल्या तर निवडक. मग मिळालेल्या आकड्यांना गुणत गुणत बंदराचा, जिल्ह्याचा, राज्याचा आणि देशाचा आकडा उभा राहतो.

या वजनाच्या वहीला जोड असते लांबीची. पाटीतून काही बोंबील काढून पट्टीवर ठेवायचे आणि शेपटीपर्यंतची लांबी लिहायची. समजा वर्षभरात असे दहा हजार मोजले. मग पट्टीवरचा एकेक बोंबील न मोजलेल्या १ लाख ३३ हजार भावंडांच्या वतीने साक्ष देतो. साक्षीदार चुकीचा निवडला, फक्त मोठे उचलले किंवा फक्त वरच्या थरातले घेतले, तर सगळा खटलाच फिरला.

लांबीच का? थंड समुद्रातल्या माशांच्या कानातल्या हाडावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची वलयं उमटतात, त्यामुळे वय वाचता येतं. आपल्याकडचं पाणी बारमाही उबदार, वलयं नीट उमटत नाहीत. म्हणून महिन्यामागून महिना लांब्यांचे ढीग पाहायचे. शाळेच्या प्रार्थनेला वर्गवार पोरं उभी राहिली की डोक्यांच्या उंचीवरून पाचवी कुठली नि आठवी कुठली ते कळतं, तसे या ढिगांत उंचवटे दिसतात. उंचवटा दर महिन्याला किती पुढे सरकला यावरून वाढीचा वेग समजतो. आणि लांबी वाढते तशी संख्या किती झपाट्याने घसरते, यावरून मरणाचा वेग.

पण मरणाची कारणं दोन. एक जाळं, दुसरं समुद्र. मोठा मासा खातो, रोग होतो, उपासमार होते. बोंबील जवळा खातो तसा भूक लागली की आपल्याच पिल्लांनाही खातो. या दुसऱ्या मरणाची वही कुणीच लिहीत नाही. डॅनियल पॉली या शास्त्रज्ञाने १९८० साली १७५ मत्स्यसाठ्यांची माहिती गोळा करून एक सूत्र दिलं: माशाची वाढ आणि पाण्याचं तापमान सांगा, नैसर्गिक मरणाचा अंदाज घ्या. जगभर हे सूत्र वापरलं जातं. तरी तो अंदाजच.

त्या अंदाजाचं वजन किती, ते समजण्यासाठी मनचे आकडे धरून बघू. पकड १३३ कोटी. लांब्यांवरून एकूण मरणाचा दर निघाला २, म्हणजे आजच्या शंभरातले वर्षाअखेर तेरा-चौदा उरतात. यातला समुद्राचा वाटा १ धरला तर जाळ्याचा उरला १. दर १ याचा अर्थ, सरासरी जेवढे पाण्यात असतात तेवढेच वर्षभरात जाळ्यात जातात. म्हणजे पाण्यात कोणत्याही क्षणी सरासरी १३३ कोटी. आता समुद्राचा वाटा दीड करा. जाळ्याचा उरतो अर्धा, आणि पाण्यातले बोंबील होतात २६६ कोटी! उलट तो अर्धा केला तर राहतात ८९ कोटी. बंदरावरची एकही नोंद बदलली नाही, तरी कागदावरचा समुद्र तिप्पट फुगला किंवा आटला. मासेमारीचा वाटा एकूण मरणाच्या निम्म्यावर गेला की सावध व्हावं, असा जुना ठोकताळा आहे. या तीन उत्तरांत तो वाटा अनुक्रमे पन्नास, पंचवीस आणि पंचाहत्तर टक्के येतो. एक उत्तर म्हणतं थांबा, दुसरं म्हणतं अजून होड्या घाला.

म्हणूनच एकाच वहीवर कुणी विसंबत नाही. विसंबल्याची किंमत कॅनडाने मोजली. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर १९६८ साली कॉड माशाची पकड ८ लाख टनांवर गेली होती. पुढे साठा खचत होता, पण उरलेले मासे दाटीवाटीने एकत्र येत आणि मोठ्या ट्रॉलरना ते नेमके सापडत. जाळी भरून येत होती, त्यामुळे समुद्रही भरलेलाच वाटला. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून आली होती. ती उठायला २०२४ उजाडलं.

आपल्याकडे संस्थेने २०२२ साली १३५ साठे तपासले, त्यांतले ९१.१ टक्के सुस्थितीत निघाले. हे दिलासा देणारं आहे. पण २०१९ साली महाराष्ट्राची सागरी पकड २.०१ लाख टनांवर येऊन ४५ वर्षांतला नीचांक झाला होता, हेही याच वहीत आहे. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली.

लांबीच का, हे माझ्या पुडीतले चार बोटभर बोंबील सांगतात. समजा एक मादी तीस हजार अंडी घालते. साठा आहे तेवढाच राहायचा तर त्यातली दोनच मोठी होऊन पुन्हा वीण घालायला पुरतात. पंधरा हजारांत एक. दोनाच्या जागी चार जगली तर पुढची पिढी दुप्पट, एकच जगलं तर निम्मी. एवढ्या चाळणीतून सुटून बोटभर झालेला बोंबील म्हणजे जवळजवळ जिंकलेली सोडत. डोल जाळ्याला ते कळत नाही. भरतीओहोटीच्या धारेत तोंड वासून उभं असलेलं ते जाळं येईल ते पोटात घेतं.

मावशीला विचारलं, हे बारके वेगळे का नाही काढत? "वजनात कितीसे येतात ते?" ती म्हणाली.

खरंच आहे. वजनात ते जवळजवळ नाहीतच. मोजणीत मात्र एकवीसमध्ये चार.