पाहणं आणि दर्शन : उएनो ते अंबरनाथ

मित्रहो, आज आपण टोकियोला जाणार आहोत, पण परत यायचं आहे आपल्या अंबरनाथला.

उएनो बागेतलं टोकियो राष्ट्रीय संग्रहालय 1872 सालचं. एका दिवसात सगळं पाहायला गेलात तर पाय बोलू लागतील. आम्ही प्रवाशांना एवढंच सांगतो : होर्यूजी दालन चुकवू नका. आत काळोख, आणि प्रत्येक छोटी सोनेरी बुद्धमूर्ती आपापल्या काचपेटीत, आपापल्या उजेडात.

या मूर्ती तिथे आल्या कशा? 1868 मध्ये शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचे हुकूम निघाले, त्या लाटेत कितीतरी बौद्ध मंदिरं उद्ध्वस्त झाली. नाराजवळचं होर्यूजी हलाखीत आलं. 1878 साली त्याने तीनशेहून जास्त वस्तू राजघराण्याला दिल्या, बदल्यात दहा हजार येन मिळाले. म्हणजे देव गेले, म्हणून देऊळ तगलं!

आता आपलं शिवमंदिर बघा. शके 982, म्हणजे इ.स. 1060चा शिलाहारांचा शिलालेख तिथे आहे. योगायोग असा, की त्याच 1868 साली मुंबईच्या कलाशाळेची माणसं इथे आली. त्यांनी नक्षीचे साचे घेतले, चित्रं काढली. इथून साचे गेले, मूर्ती जागेवरच राहिल्या.

फरक कुठे पडतो? संग्रहालयात वस्तू आपल्यासाठी उजेडात येते. अंबरनाथला आपण पायऱ्या उतरून अंधारातल्या पिंडीपाशी जातो. पहिलं पाहणं, दुसरं दर्शन. पाहण्यात डोळे फक्त आपले. दर्शनात देवही आपल्याकडे पाहतो, अशी आपली श्रद्धा.

पण म्हणून आपण शहाणे ठरत नाही हं. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती साडेनऊशे पावसाळे सोसून झिजल्यात, आणि आपण रिक्षातून उतरून थेट गाभाऱ्यात जातो. आम्हीही कित्येक वर्षं तेच केलं. जे कुणी पाहतच नाही, ते झिजलं तरी कळणार कुणाला? तिकडे काचेपुढे हात जोडणारा विरळा, इकडे भिंतीपुढे थांबणारा विरळा.

तेव्हा उएनोला गेलात तर एका मूर्तीपुढे मिनिटभर नुसते उभे राहा. आणि अंबरनाथला, आत जाण्याआधी, भिंती वाचत एक सावकाश प्रदक्षिणा घाला. तिला तिकीट लागत नाही, विसाही लागत नाही.

चला, प्रश्न घेऊ.