पडद्याची चुणी

आमच्या घरच्या अल्बममध्ये आजीचा एक फोटो आहे. नऊवारी नेसलेली आजी, खुर्चीच्या पाठीवर टेकवलेला हात, मागे संगमरवरी जिना. जिना अर्थातच पडद्यावर रंगवलेला. पडदा संपतो तिथे कापडाला चुणी पडली आहे आणि लगेच शहाबादी फरशी सुरू होते. लहानपणी ती चुणी मला खटकायची. आता फोटो हातात घेतला की नजर आधी तिथेच जाते. महाल खोटा आहे हे ती लपवत नाही, म्हणून आजी फार खरी वाटते.

रंगवलेल्या पडद्यापुढे माणूस उभा करून छायाचित्र रचणाऱ्या कलावंतांना या खोटेपणाची ताकद नेमकी कळली आहे. अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन डिसेंबर १९४८मध्ये पेरूतल्या कुझको शहरात गेला. तिथल्या फोटोग्राफरला पैसे देऊन त्याने त्याचा स्टुडिओ नाताळापुरता भाड्याने घेतला. दगडी फरशी, मागे रंगवलेला पडदा. सणाचा फोटो काढून घ्यायला आलेल्या गावकऱ्यांकडून पैसे घ्यायचे सोडून पेननेच त्यांना पैसे दिले. पुढे १९५०मध्ये पॅरिसमध्ये त्याला नाटकाचा एक जुना पडदा मिळाला. करडा, ढगाळ. उंची फॅशनच्या मॉडेल आणि हातात अवजारं घेतलेले कारागीर, दोघांनाही त्याने त्याच पडद्यापुढे उभं केलं. तो पडदा त्याने जन्मभर जपला.

जुना पडदा कॅमेऱ्याला का मानवतो, याचं उत्तर रंगात आहे. सरसाच्या पाण्यात कालवलेला रंग सुकला की खडूसारखा होतो, तेलरंगासारखा चकाकत नाही. उजेड त्यात मुरतो. वर्षानुवर्षं गुंडाळून-उलगडून जे डाग आणि तडे पडतात, त्यांनी एक खोली येते. ती नव्या कापडावर मुद्दाम आणायला गेलं तर हटकून फसते, असं माझं मत.

आपल्याकडे बंगळुरूच्या कलावंत पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही मालिका केली. राजा रविवर्म्याच्या चित्रातली चांदण्यातली स्त्री त्या स्वतः झाल्या. पडदे त्यांनी नव्याने रंगवून घेतले, आणि ते पडदेच आहेत हे दिसू दिलं. उदयपूरला वास्वो एक्स. वास्वो यांच्या रंगवलेल्या पडद्यांपुढल्या छायाचित्रांवर राजेश सोनी यांनी हाताने रंग चढवले. या सगळ्यांत मला पुष्पमालांचं काम सर्वांत धीट वाटतं, कारण बाईला कोणी कसं 'उभं केलं' हा प्रश्न त्या स्वतःच उभं राहून विचारतात.

मराठी माणसाला या वाटेवर कोल्हापूर आठवल्याशिवाय राहत नाही. तिथले बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श या नाटक कंपनीसाठीही त्यांनी ते रंगवले. बाबूरावांचा 'सैरंध्री' हा सिनेमा १९२०मध्ये पडद्यावर आला, त्याआधी त्यांच्या डोळ्यांना दरबार, जंगल, रस्ता कापडावर उभा करायची सवय जडलेली होती.

गावच्या देवळाच्या माळ्यावर, उत्सवी नाटकांच्या सामानात असा पडदा अजून कुणाकडे असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे: त्याची घडी घालू नका, घडीवर रंग तडकतो. जाड बांबूवर सैल गुंडाळा, ओल लागू देऊ नका. आणि एकदा तो उलगडून, भिंतीला टांगून, त्याच्यापुढे घरातल्या कुणाला तरी उभं करा. खालची चुणी फोटोत येऊ द्या.