इंजिनाची बैठक

यंत्राचा विषय निघाला की आपण कला शाखेचे विद्यार्थी चार पावले मागे सरतो. पण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने २०२१ मध्ये भंगारातील भाग जुळवून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा साऱ्या देशाने तिचे कौतुक केले. अशी घरी बनवलेली गाडी पाहिली की एक साधा प्रश्न मनात येतो. एका गाडीचे इंजिन दुसऱ्याच सांगाड्यात बसवायचे, तर ते धरून कशाने ठेवायचे?

चार बोल्ट घट्ट आवळले की झाले, असे आपल्याला वाटते. नेमकी इथेच फसगत होते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर फेऱ्याला दोन याप्रमाणे १६०० हिसके बसतात. लोखंडाला लोखंड जखडले की ते सारे सांगाड्यात उतरतात. पत्रा खडखडतो, बोल्ट सैल होतात आणि पुढे वेल्डिंगला चीर जाते. म्हणून मधे रबर हवे. या रबरी आधारालाच गॅरेजमध्ये ‘माउंटिंग’ म्हणतात.

दुसरा शत्रू म्हणजे पीळ. इंजिन ज्या जोराने चाकांकडचा दांडा फिरवते, त्याच जोराने स्वतः उलट कलू पाहते. गाडीच्या लांबीत बसवलेल्या इंजिनाचा पीळ १० किलोग्रॅम-मीटर असला आणि पहिला गिअर तो साडेतीनपट करीत असला, तर ३५ होतो. डावा व उजवा आधार अर्ध्या मीटरच्या अंतराने असतील, तर एकावर ७० किलोंचा जादा दाब येतो आणि दुसरा तितक्याच जोराने वर ओढला जातो.

१९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लिमथ मोटारीत यावर सुंदर तोड काढली. पुढचा आधार उंच आणि मागचा खाली ठेवून, दोहोंना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून नेली. इंजिन त्या रेषेभोवती रबरावर डुलू लागले आणि गाडीतली थरथर कमी झाली. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९३२ मध्ये तीच पद्धत उचलली आणि जाहिरातीत तरंगता हंस दाखवला!

घरच्या कारागिराने काय करावे? सामान्यतः इंजिनाच्या दोन बाजूंना दोन आणि गिअरबॉक्सखाली एक, असे तीन आधार पुरतात. प्रथम इंजिन लाकडी ठोकळ्यांवर टेकवून त्याची नेमकी जागा ठरवावी. पुठ्ठ्याचा नमुना कापावा आणि मगच जाड पोलादी पट्टी कापावी. कोपऱ्यांना तिकोनी तुकडे लावून बळकटी द्यावी. आधी नुसते टाके मारावेत. पक्के वेल्डिंग करताना रबर काढून ठेवावे, नाहीतर ते जळते. रबर तेलाने खराब होते आणि एक्झॉस्टच्या आचेने कडक होते, म्हणून ते दोन्हींपासून दूर असावे. रबरातून वीज जात नाही, तेव्हा इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची तार विसरू नये. ती नसेल तर स्टार्टर फिरणारच नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रबर फाटले तरी इंजिन खाली पडता कामा नये. म्हणून मधला बोल्ट आरपार असावा आणि त्याला दोन्हीकडे रबराहून मोठे वॉशर असावेत. शिवाय अशी गाडी कायद्याची मान्यता मिळाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणू नये.

मजबुती म्हणजे घट्ट आवळणे, असे आपण समजतो. इंजिनाची बैठक मात्र थोडी मोकळीक देते, म्हणूनच टिकते.