40 पैकी 24: भारी की नशीब?

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात परामानसशास्त्र बहुधा अर्ध्या पानात आटोपतं: राइन यांचे 25 पत्ते, पाच चिन्हं, नुसत्या अंदाजाने सरासरी 5 बरोबर, आणि शेवटी 'सबळ पुरावा नाही'. निष्कर्ष मला मान्य आहे. पण तो निघाला कसा, हे कळल्याशिवाय संशोधन करू पाहणाऱ्या तुम्हाला त्याचा काय उपयोग?

त्यापेक्षा 2008 ची आपली फलज्योतिष चाचणी बघा. (परामानसशास्त्र नव्हे, पण गणित तेच. आमच्या सोनिवलीत अजूनही पत्रिका बघूनच लग्नं ठरतात.) जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या, 100 हुशार आणि 100 मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका. कोणती कुठल्या गटातली ते ओळखायचं. 51 जणांना पत्रिका गेल्या, उत्तरं 27 जणांची आली. सर्वाधिक गुण 24.

60 टक्के! ऐकायला भारी वाटतं ना? आता नाणं घ्या. 40 वेळा उडवून 24 किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता सुमारे 13 टक्के. म्हणजे 27 जण नुसते नाणं उडवत बसले तरी तीन-चार जण तिथे पोचतील. इथे पोचला एकच. सरासरी तर 20 च्याही खाली.

उत्तर न दिलेल्या 24 जणांना मात्र विसरू नका. त्यांचे गुण कुणालाच माहीत नाहीत. परामानसशास्त्राच्या प्रयोगांवरही जुना आक्षेप हाच: फसलेले कपाटात राहतात, जमलेले छापून येतात.