तिसरा धडा : 'घरी वाचून घ्या'

फेब्रुवारी महिना लागला की आमच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. म्हाताऱ्या माणसांचा खोकला जरा मागे हटतो आणि बाकावर दहावी-बारावीची मुले दिसू लागतात. कुणाचे पोट दुखते, कुणाला झोप येत नाही, कुणी रात्री अडीचपर्यंत जागून सकाळी चक्कर येऊन पडलेला असतो. बरोबरच्या आईवडिलांची मागणी मात्र ठरलेली, ''डॉक्टरसाहेब, बुद्धीचे एखादे चांगले टॉनिक लिहून द्या.'' असे टॉनिक अजून निघालेले नाही. निघाले असते तर एमबीबीएसला मीच पहिली बाटली घेतली असती. असो.

आज सांगायची आहे ती हकिगत 2024 च्या फेब्रुवारीतली. जवळच्या खेड्यातून एक बाई आपल्या दहावीतल्या मुलीला घेऊन आल्या. खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, ''हिची अडचण नेमकी विज्ञानाच्या पेपरात येतीय. पुढं ढकलायची गोळी द्या.'' मुलगी खाली मान घालून बसली होती. मांडीवरच्या पिशवीतून विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 चे पुस्तक डोकावत होते.

वातावरण मोकळे व्हावे म्हणून मी विचारले, ''काय बाळ, तयारी कुठवर आली?''

''झाली सगळी. तिसरा धडा तेवढा राहिलाय. सरांनी घरी वाचून घ्या म्हणून सांगितलंय.''

मी पुस्तक उघडले. दुसऱ्या धड्यात पेन्सिलीच्या रेघांनी पाने काळी झालेली. ग्लायकोलायसिस, क्रेब चक्र, सूत्री विभाजनाच्या चारही अवस्था मुलीने न अडखळता सांगितल्या. तिसरा धडा, म्हणजे सजीवांतील प्रजनन, मात्र दुकानातून आणल्यासारखा कोरा. आमच्या वेळीही हेच होते. मास्तर फुलाच्या परागीभवनापर्यंत उत्साहाने शिकवीत आणि माणूस आला की त्यांना एकदम ऑफिसात काम निघे. मी दहावीला बसलो त्याला चाळीस वर्षे होत आली, पण तो धडा अजून 'घरी'च आहे. आणि घरी तो कोण शिकवणार? आई लाजते आणि बाप बाहेर जातो.

मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक गोल काढला आणि त्यावर अठ्ठावीस खुणा केल्या. मुलीला म्हटले, तुझ्या आईने मागितलेली गोळी काय करते हे कळायला हा धडाच वाचावा लागतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एक संप्रेरक निघते. त्याने अंडाशयातली एक पुटिका वाढू लागते. ती पुटिका इस्ट्रोजेन सोडते आणि गर्भाशयाचे आतले अस्तर पुन्हा तयार होऊ लागते. साधारण चौदाव्या दिवशी अंडे बाहेर पडते. मागे राहिलेल्या पुटिकेचे पीतपिंड बनते आणि ते प्रोजेस्टेरॉन सोडते. अस्तर त्याच्या आधाराने टिकून असते. गर्भ राहिला नाही की पीतपिंड काम थांबवते, आधार जातो, अस्तर गळते. हीच पाळी. त्यात विटाळ नाही की शरीरातली घाण नाही.

आता गोळी. ती प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करणारी असते. पाळीच्या तारखेआधी साधारण तीन दिवस सुरू करतात, म्हणजे पीतपिंड थकले तरी अस्तराचा आधार टिकतो. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

मुलगी क्षणभर गोलाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ''म्हणजे गोळी बंद करणं म्हणजे पीतपिंड संपल्यासारखंच झालं.'' मला फार बरे वाटले. इतके नेमके उत्तर मी माझ्या तोंडी परीक्षेत दिल्याचे आठवत नाही.

वाचकहो, ही गोळी विष नाही, हे आधी सांगतो. पण दुकानातून परस्पर आणून शेजारणीच्या मुलीने घेतली तशी घेण्याचीही वस्तू नाही. रक्तात गुठळी होण्याचा त्रास स्वतःला किंवा घरात कुणाला झालेला असेल, यकृताचा आजार असेल, अर्धशिशीचा जोराचा त्रास असेल, तर ती टाळावी लागते. शिवाय पंधरा-सोळाव्या वर्षी पुष्कळ मुलींची पाळी नियमित बसलेली नसते. तारीख चुकीची धरली आणि गोळी उशिरा सुरू झाली, तर पेपरभर थोडे थोडे रक्त जात राहते. आगीतून फुफाट्यात! पाळी चालू असताना मुलगी पेपर लिहू शकते. अडते ते बहुतेक पोटदुखीने, आणि त्यावर साधी वेदनाशामक गोळी जेवणानंतर घेता येते. डॉक्टरला विचारून घ्यावी, एवढेच.

या मुलीच्या बाबतीत दुसरेच निघाले. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढुरके. रक्त तपासले, हिमोग्लोबिन 9.2. या वयाच्या मुलीला ते निदान 12 तरी हवे. चौकशी केली तेव्हा कळले की पाळीत सहा-सात दिवस जोरात जाते आणि जागरणासाठी दिवसाला पाच कप चहा होतो, त्यातला एक जेवणाबरोबर. जेवणासोबतचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही पोर ''मळमळतं'' म्हणून दप्तरात ठेवत होती. आता सांगा, रक्तच प्राणवायू कमी वाहून नेत असेल, तर पाठ केलेले क्रेब चक्र पेशीत फिरणार कसे? ''वाचलेलं डोक्यात राहत नाही'' असे आई म्हणत होत्या. त्यात बुद्धीचा दोष नव्हता.

पाळी ढकलायची गोळी मी दिली नाही. लोहाच्या गोळ्या निदान तीन महिने, चहा जेवणापासून तासभर लांब, मटकी, हरभरा, पालेभाजी आणि वर लिंबू, असे लिहून दिले. हिमोग्लोबिन महिन्याभरात पूर्ण भरत नाही, हेही सांगितले. परीक्षेनंतर पाळी इतकी जोरात का जाते ते तपासायला पुन्हा बोलावले. रात्री साडेदहाला दिवा बंद, कारण वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेतच चालते. अभ्यासाचे म्हणाल तर चाळीस गुणांच्या या पेपरात आकृती पाहून पाठ होत नाही, पुस्तक मिटून काढावी लागते. चुकली की उघडायचे, पुन्हा मिटायचे. पाळीचा गोल तिने माझ्यासमोरच एकदा काढून दाखवला. पीतपिंड विसरली होती, ते मग घातले.

निघताना ती पुस्तक चाळत होती. एका जागी थांबून म्हणाली, ''डॉक्टरकाका, मुलगा का मुलगी हे बापाकडच्या गुणसूत्रावर ठरतं, असंच ना?''

''असंच. आईकडे एक्सच असतात. एक्स द्यायचा की वाय, हे बापाकडून येतं.''

आई दारापर्यंत गेल्या होत्या, त्या परत वळल्या. ही थोरली, हिच्या पाठच्या दोन्ही मुलीच, हे मला तेव्हा समजले.

''हे पुस्तकात छापलंय?''

मुलीने पान उघडून दाखवले. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचले. पिशवीतून पेन्सिल काढून मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ''ह्याच्याखाली रेघ मार. घरी गेल्यावर तुझ्या आजीला मोठ्यानं वाचून दाखव.''