गर्भाशयाचं अस्तर: भीती कशाची, काळजी कशाची

पाळीतल्या बाईचा हात लागला की लोणचं नासतं, तुळस जळते, ही समजूत फक्त आपल्याकडची आहे असं अनेकांना वाटतं. पण १९२० साली व्हिएन्नात बेला शिक या नामांकित बालरोगतज्ज्ञानं जवळपास तीच गोष्ट शास्त्र म्हणून मांडली. घटसर्पाची ‘शिक टेस्ट’ शोधणारे हेच ते शिक. घरातल्या मोलकरणीनं पाळीच्या दिवसांत हाताळलेली फुलं लवकर कोमेजली, असं त्यांना दिसलं. त्यावरून पाळीत बाईच्या शरीरातून विष बाहेर पडतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या विषाला ‘मेनोटॉक्सिन’ असं भारदस्त नावही मिळालं आणि काही दशकं त्याचा शोध चालला. विष सापडलं नाही, कारण ते नव्हतंच.

‘घाण रक्त’ हा शब्द मात्र अजून घरोघरी आहे. महिनाभराची उष्णता पाळीतून निघून जाते, असंही सांगितलं जातं. पाळीत जे बाहेर येतं त्यातलं साधारण निम्मं रक्त असतं, बाकी गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे आणि स्राव. हे रक्त दंडाच्या शिरेतून तपासणीसाठी काढतात तेच, नेहमीचं. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे चहाचे सहा ते आठ छोटे चमचे. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर ती अतिस्रावाची पाळी. दर महिन्याला मोठ्या गाठी पडत असतील, रात्री उठून पॅड बदलावं लागत असेल, तर ‘घाण निघून जातेय’ म्हणून समाधान मानू नये. शरीरातलं लोह जातंय, आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर लागणारी धाप त्याचीच असू शकते.

हे अस्तर, म्हणजे एंडोमेट्रियम, गर्भाशयाला आतून लागलेलं असतं. त्याचे दोन थर. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि गळतो. खालचा पायाचा थर जागेवर राहतो आणि त्यातूनच नवा थर उगवतो. पाळी संपते तेव्हा जाडी दोन-चार मिलिमीटर असते. बीजकोषातून येणारं इस्ट्रोजेन ती वाढवत नेतं. अंडं बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो, अस्तर मऊ आणि पोषक होतं आणि काही दिवस गर्भ रुजण्यासाठी तयार राहतं. गर्भ आला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते.

उतरतं म्हणजे आत नेमकं काय घडतं, हे माणसानं पहिल्यांदा पाहिलं ते माकडाच्या डोळ्यात. जोसेफ मार्की या अमेरिकी शास्त्रज्ञानं ऱ्हीसस माकडिणींच्या अस्तराचे बारीक तुकडे त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या पोकळीत रुजवले. पारदर्शक बुबुळाच्या खिडकीतून तो ते दिवसेंदिवस न्याहाळत राहिला आणि १९४० साली त्यानं निरीक्षणं प्रसिद्ध केली. पाळी जवळ आली की अस्तर आधी आक्रसायचं. त्यातल्या वळणावळणाच्या रोहिण्या मग घट्ट आवळल्या जायच्या, तुकडा फिका पडायचा. काही तासांनी एखादी रोहिणी सैलावली की तिच्यातून थोडा वेळ रक्त झरायचं आणि थांबायचं. मग दुसरीची पाळी. सगळं अस्तर एकदम कोसळत नाही. एका कोपऱ्यात गळती चालू असताना शेजारच्या कोपऱ्यात दुरुस्ती सुरू झालेली असते. कुठेही व्रण न ठेवता हे काम एका बाईच्या आयुष्यात सुमारे चारशे वेळा होऊ शकतं. गुडघा एकदा फुटला तरी त्वचेवर डाग राहतो, हे लक्षात घेतलं तर या अस्तराचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

पाळीबद्दलची सर्वांत दृढ भीती ‘साठण्या’ची. प्रोजेस्टेरॉनसारखं औषध सोडणारी कॉपर-टीसारखी दिसणारी साधनं अतिस्रावावर उत्तम काम करतात. ती बसवल्यावर अनेकींची पाळी कमी होते, काहींची थांबते, आणि मग घरातली मोठी माणसं घाबरतात: रक्त आत साठून डोक्यात गेलं तर? साठायला मुळात काही तयारच होत नाही. औषधानं अस्तर पातळ राहतं, वाढत नाही, म्हणून गळायला काही उरत नाही.

पण पीसीओएस असलेल्या मुलीची पाळी चार-चार, सहा-सहा महिने येत नाही तेव्हा आतलं चित्र अगदी उलट असतं. तिचं अंडं वेळेवर बाहेर पडत नाही, प्रोजेस्टेरॉन येत नाही आणि एकटं इस्ट्रोजेन अस्तराला वाढवत राहतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर पेशींची अनियंत्रित वाढ होऊ शकते आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. वजन जास्त असेल तर चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं आणि भर पडते. म्हणून अशा मुलींना दर तीन-चार महिन्यांनी तरी पाळी यावी यासाठी डॉक्टर गोळ्या देतात. ‘गोळ्या घेऊन आणलेली पाळी काय कामाची?’ असं म्हणून त्या बंद करणं धोक्याचं आहे. बाहेरून दोघींची पाळी बंदच दिसते, पण एकीचं अस्तर पातळ आणि सुरक्षित असतं, दुसरीचं वाढत चाललेलं.

मूल हवं असलेल्या जोडप्यांसाठी मिलिमीटर हा जिवाला घोर लावणारा शब्द होतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात अस्तर सात मिलिमीटरच्या आसपास तरी यावं, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. मग बीट, डाळिंब, अमुक काढा यांचा मारा सुरू होतो. बीट खायला हरकत नाही, पण त्यानं अस्तर जाड होतं याला पुरावा नाही. महागडे उपायही प्रत्येक वेळी कसोटीला उतरलेले नाहीत. गर्भ ठेवण्याआधी अस्तरावर मुद्दाम ओरखडे काढले तर तो चांगला रुजतो, अशी कल्पना अनेक वर्षं चालली. २०१९ साली १,३६४ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ओरखडे काढलेल्या आणि न काढलेल्या दोन्ही गटांत जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण सारखंच निघालं: २६.१ टक्के. अस्तर नेमकं कधी ‘तयार’ आहे हे जनुकांवरून सांगणाऱ्या महागड्या चाचणीची २०२२ साली अशीच परीक्षा झाली. तिच्यानुसार वेळ बदलूनही फायदा दिसला नाही. कर्ज काढून उपचार घेणाऱ्या जोडप्याला हे आकडे आधी कुणीतरी सांगायला हवेत.

‘पिशवी धुऊन घेतली की दिवस राहतात’ हा समज तर थेट इजा करू शकतो. पिशवी धुणं म्हणजे क्युरेटिंग; त्यात धारदार अवजार खोल गेलं तर पायाचा थरच खरवडला जातो. त्यातून नवं अस्तर उगवत नाही, भिंती एकमेकींना चिकटतात, पाळी अगदी कमी होते किंवा बंद पडते. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ साली याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून या विकाराला त्यांचं नाव आहे. गर्भपातासाठीही धारदार क्युरेटिंगऐवजी गोळ्या किंवा निर्वात शोषणाची पद्धत वापरावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतात याच नुकसानाचं आणखी एक कारण आहे: क्षय. जंतू रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोचतात आणि तिथून अस्तरात उतरतात. खोकला नाही, ताप नाही. कधी फक्त मूल न होणं, तर कधी पाळी हळूहळू तुटपुंजी होत जाणं एवढंच लक्षण. वेळेत निदान झालं तर क्षयाची औषधं लागू पडतात, पण एकदा व्रण होऊन आक्रसलेलं अस्तर प्रत्येक वेळी पूर्ववत होत नाही.

अस्तरासारखी पेशीजालं गर्भाशयाच्या बाहेर, बीजकोषावर, आतड्यावर वाढली तर त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. प्रजननक्षम वयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटी जणींना, तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली सुचवलं की पाळीचं काही रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. उलटा प्रवाह मात्र बहुतेक स्त्रियांत होतो आणि आजार थोड्यांनाच, तेव्हा कोडं पूर्ण सुटलेलं नाही. ‘लग्न झालं की थांबेल, एक मूल झालं की थांबेल’ हा सल्ला आजार बरा करत नाही. नुसती गर्भपिशवी काढल्यानं बाहेरची पेशीजालं जात नाहीत. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे पोरगी नाटक करते, असंही नाही. शाळा बुडवण्याइतकं दुखणं हे निमूट सोसण्याचं दुखणं नव्हे.

आणि मग येतो ‘पिशवी’चा प्रश्न. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, सोनोग्राफीत ‘पिशवीला सूज’ किंवा ‘जाडी वाढलेली’ असं निघालं, की कर्करोगाचं नाव घेऊन पिशवी काढायला सांगितलं जातं. पांढरं जाणं बहुधा योनीमार्गाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या संसर्गानं होतं आणि गोळ्यांनी बरं होतं. पाळी येणाऱ्या बाईचं अस्तर महिन्याच्या उत्तरार्धात बारा-चौदा मिलिमीटर असणंही सामान्य आहे; रिपोर्टवर पाळीचा दिवस लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

या भीतीचा हिशेब बीड जिल्ह्यानं मांडला. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. फडात शौचालय नाही, पाणी नाही, पहाटेपासून मोळ्या उचलायच्या, पाळीच्या दिवशी खाडा पडला तर मुकादम दंड लावणार, वर उचल फेडायची आहेच. अशा बाईला ‘काढून टाक, कटकट जाईल’ हा सल्ला पटतो. काहींच्या पिशवीबरोबर बीजकोषही गेले, आणि तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यासारखी हाडांची झीज, अंगाची आग सुरू झाली. अनावश्यक शस्त्रक्रियांबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये दिला. तो प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचणं गरजेचं आहे.

नको तिथे एवढी भीती, आणि हवी तिथे बेफिकिरी. पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्या पंचावन्न-साठीच्या बाईला लाल डाग दिसला, तर ‘उष्णतेनं झालं असेल’ किंवा ‘पाळी परत आली’ म्हणून ती गप्प बसते. लेकीला, सुनेला सांगायचा संकोच. रजोनिवृत्तीनंतर रक्त दिसलेल्या साधारण दहापैकी एकीत अस्तराचा कर्करोग सापडतो. उलट बाजूनं पाहिलं तर अस्तराचा कर्करोग झालेल्या दहापैकी नऊ जणींना आधी असं रक्त दिसलेलं असतं. इतक्या लवकर आणि इतका स्पष्ट इशारा देणारे कर्करोग फार नाहीत. एकच डाग, एकदाच दिसला तरी आठवड्याभरात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ निघालं तर कर्करोगाची शक्यता फार कमी उरते. जाड निघालं, किंवा रक्त पुन्हा दिसलं, तर नमुना घेतात. त्यासाठी शाईच्या रिफिलसारखी बारीक, लवचीक नळी असते. बहुतेकींना भूल लागत नाही, दवाखान्यातच काही मिनिटांत काम होतं, पोटात पाळीसारखी कळ येते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. रिपोर्टमध्ये बहुतेकींना वयानं पातळ झालेलं अस्तर किंवा एखादा साधा कोंब निघतो. पेशींची साधी वाढ निघाली तरी ती बऱ्याचदा औषधानं मागे हटते आणि काही महिन्यांनी पुन्हा नमुना तपासून तशी खात्री करून घेता येते.